लखलखचं वाण

फोनवर एखादी जाहिरात तीनदा दिसली की ती वस्तू जन्मात घ्यायची नाही, असा माझा नियम आहे. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी पोटापाण्यासाठी नेमका हाच धंदा निवडावा, हा मी दैवाचा आगाऊपणा समजतो. साकेत ठाण्याला, कोलशेतच्या एका मोठ्या कंपनीत आहे. कंपनी साबणापासून बिस्किटांपर्यंत सगळं विकते आणि साकेतचा विभाग त्या सगळ्याच्या जाहिराती लोकांच्या फोनमध्ये घुसवतो. लोक त्या बघतात, अशी त्याची श्रद्धा आहे.

डिसेंबरात एका रविवारी जेवताना त्याने बातमी सांगितली. गुरुग्रामच्या हेड ऑफिसात कोणीतरी शहाणा निघाला होता. आपला माल लोकांना आजोबांपासून ठाऊक आहे, मग फोनवर एवढे पैसे ओतून नेमकं काय पदरात पडतं, असं त्याने विचारलं. उत्तर कोणालाच देता येईना, म्हणून परीक्षा ठरली. भांडी घासायच्या 'लखलख' लिक्विडची जाहिरात जानेवारीभर फक्त डोंबिवलीच्या फोनवर दाखवायची, कल्याणच्या फोनवर अजिबात नाही. डोंबिवलीत खप जास्त वाढला तर साकेतचा विभाग राहणार. नाही वाढला तर विभागाला टाळं आणि साकेतची रवानगी गुरुग्रामला.

"वाढणारच, बाबा," साकेत म्हणाला. "जाहिरात कसली भारी झालीय, तुम्ही बघाच."

मी बघणार नव्हतो. पण गुरुग्राम मला परवडणारं नव्हतं. मुलगा आणि सून ऋजुता इथेच डोंबिवलीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. साकेत रोज संध्याकाळी चहाला खाली येतो आणि माझ्याशी वाद घालतो. तो गेला तर मी भांडायचं कोणाशी? चित्राशी भांडून जिंकल्याचा माझा इतिहास नाही.

चित्रा, म्हणजे साकेतची आई, तेव्हा स्वयंपाकघरातून गरम पोळ्या आणण्यात गुंतली होती. येता-जाता तिच्या कानावर चारच गोष्टी पडल्या: जानेवारी, डोंबिवली, लखलखचा खप आणि गुरुग्रामची रवानगी. ती काही बोलली नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता, कारण चित्रा गप्प बसली की कुठेतरी काहीतरी शिजत असतं.

ती आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि आलेल्या प्रत्येकीला वाण म्हणून काहीतरी छोटी वस्तू द्यायची, हा रिवाज. काय द्यायचं यावर मंडळात दरवर्षी महिनाभर खल चालतो. यंदा तो चालला नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात चित्राने व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला:

"मैत्रिणींनो, वाट्या, चाळण्या आणि डब्या आता घरोघरी उतू जात आहेत. यंदा वाण लखलखची छोटी बाटली. रोज लागते, माळ्यावर पडून राहत नाही. कल्याणच्या बाजारात उत्तमशेठकडे होलसेल भावात मिळेल. माझं नाव सांगा."

हा मेसेज मंडळातून भजनी मंडळात गेला, तिथून योगाच्या वर्गात, मग कोपरच्या मामेबहिणीकडे, मानपाड्याच्या विहीणबाईंकडे. वाटेत चित्राचं नाव गळून पडलं. संध्याकाळी तो माझ्या निवृत्तांच्या ग्रुपवर येऊन धडकला, आणि खाली कोणीतरी 'अत्यंत महत्त्वाचे' असं जोडलं होतं.

आमची बाटल्यांची खोकी कल्याणहून आणायला हमाल म्हणून अर्थातच मी गेलो. उत्तमशेठच्या दुकानासमोर बायकांची ही रांग. ते घामाघूम झाले होते. कंपनीकडून पुन्हा पुन्हा माल मागवूनही पुरत नव्हता.

"काका, एक विचारू?" माझ्या हातात खोकी देत ते म्हणाले. "डोंबिवलीत भांडी जरा जास्तच खरकटी होतात का?"

जानेवारी संपला. साकेत चहाला आला आणि कपाला हात न लावता बसून राहिला. डोंबिवलीत लखलखचा खप तसूभर वाढला नव्हता, उलट थोडा उतरला होता. आणि जिथे जाहिरातीचं टिपूसही पडलं नव्हतं, त्या कल्याणमध्ये कंपनीच्या इतिहासात झाला नव्हता एवढा माल उडाला होता. जाहिरात दाखवली नाही तर जास्त खप होतो, असं त्याच्याच आकड्यांनी सिद्ध केलं होतं.

"असं कसं होईल?" चित्रा म्हणाली. "बायका तर सगळ्या डोंबिवलीच्याच होत्या."

मग तिने सगळं सांगितलं. कल्याणहून खोकी वाहताना माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. साकेतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. खप दुकान कुठे आहे त्यावर मोजतात, बायका कुठून आल्या त्यावर नाही, हे त्याने तिला समजावून सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. पोराला जवळ ठेवायला गेले आणि मीच त्याला गुरुग्रामला धाडला, असं म्हणून ती आत गेली. एरवी मी काहीतरी टोचून बोललो असतो. त्या दिवशी मला तिची इतकी कीव आली की मी उठून कपबशा विसळल्या. बेसिनपाशी लखलखच्या बाटल्यांची पलटण उभी होती. चित्राने जेवढ्या वाटल्या, जवळपास तेवढ्याच परत घरी आल्या होत्या, कारण मेसेज सगळ्यांनीच वाचला होता.

साकेत सरळमार्गी आहे, तो गुण माझ्याकडून आला. दुसऱ्याच दिवशी त्याने साहेबांना, म्हणजे प्रीतम सरांना, खरं काय ते सांगून टाकलं. सर खो खो हसले.

"कोणाच्या तरी आईच्या फुकटच्या मेसेजने कधी माल खपतो का रे?" ते म्हणाले. "तसं असतं तर आपल्याला पगार कोणी दिला असता?"

डोंबिवलीकरांनी जाहिरात डोंबिवलीत बघितली आणि खरेदी कल्याणला केली, असा शोध लावून सरांनी तो गुरुग्रामला कळवला. गुरुग्राम अर्धवटच पटलं. फेब्रुवारीत जाहिरात पूर्ण बंद ठेवा, मग बघू, असं उत्तर आलं.

फेब्रुवारीत लखलखचा खप दोन्ही गावांत झोपला. झोपणारच. डोंबिवलीच्या घराघरात दिवाळीपर्यंत पुरेल एवढा साठा होता, आणि उत्तमशेठ दुकानात माशा मारत बसले होते. पण गुरुग्रामला दिसलं ते एवढंच, की जाहिरात होती तेव्हा खप होता आणि जाहिरात गेली तसा खपही गेला. प्रीतम सरांना बढती मिळाली. जाहिरातीचा खर्च दुप्पट झाला. साकेतचा विभाग आणखी एक वर्ष वाचला, आणि मी सुखावलो. खोटं कशाला बोलू?

परवा तो चहाला आला तो वाद घालायला नव्हे. खुर्ची ओढून थेट आईजवळ बसला. पुढच्या जानेवारीत पुन्हा परीक्षा आहे, या वेळी जाहिरात फक्त ठाण्यात, असं त्याने सांगितलं. जाहिरात कशी भारी आहे, याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आई," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षीचं वाण ठाण्याहून आणशील?"

चित्राने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पदराला हात पुसून फोन हातात घेतला.

"आधी तिथला होलसेलचा भाव कळू दे," ती म्हणाली. "मग बघू."