सत्तेचाळीस पुढारी आणि एक सरंगा

मसुऱ्याच्या भिकाजी मास्तरांनी नोकरीतून मोकळे झाल्या झाल्या, सत्तावन्न साली, ग्रामदेवीसमोर नवस केला. मुलगा व्हावा, आंबा मोहरावा असल्या नवसांची गाऱ्हाणी गुरवाने पुष्कळ घातली होती. हा नवाच होता. पण गाऱ्हाणं घालायचं म्हणजे घालायचं. त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवी म्हाराजा, वाचनालयाच्या कपाटात एकय न वाचलेलो राष्ट्रपुढारी आसा, तवसर मास्तर मासो तोंडात घालूचो नाय!" मागून सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या सत्यवतीला कोणी विचारलंच नाही. नवस नवऱ्याचा होता, पण त्याच्या पानात नाही ते आपल्या पानात वाढून घेणं तिच्या जिवाला पटेना. तिनेही मासे सोडले. कपाटात तेव्हा पुढाऱ्यांची बारा चरित्रं होती. बारा म्हणजे काय, शिमग्यापर्यंत सुटका होईल, असं तिने धरलं.

शिमगे सहा गेले. वाचनालयाची किल्ली आणि वही मास्तरांकडेच असायची. बारावा पुढारी संपत आला की कोल्हापूरच्या पुस्तकवाल्यांकडून पार्सल यायचं आणि आणखी पाचजण कपाटात जाऊन बसायचे. ते संपत आले की आणखी पाच. "तेच धाडतत, मी काय करू?" म्हणत मास्तर हताशपणे हात वर करायचे आणि ओटीवर जाऊन वाचायला बसायचे. माडांना शिंपायचं म्हटलं की, "माका वाचूचा आसा गो." कुंपण मोडलं तरी तेच. देवळात, बाजारात जो तो विचारायचा, "मास्तरांनू, किती झाले?" आकडा सांगताना मास्तरांची मान ताठ व्हायची. शेजारच्या काशीबाईकडे बांगडे तळायला पडले की सत्यवती मागच्या दाराला कडी घालायची आणि मनातल्या मनात एकेका पुढाऱ्याचा उद्धार करायची. देशाला स्वातंत्र्य मिळालं, तिच्या चुलीला काही मिळालं नव्हतं.

यंदा मात्र पार्सल वेळेवर आलं नाही. मास्तरांनी सत्तेचाळिसाव्याची शेवटची तेरा पानं महिनाभर पुरवली. शेवटी गुरवाने देवळात सर्वांसमोर विचारलं तेव्हा नाइलाज झाला. "उद्या सकाळी संपतला," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवतीने तळहातात मावणार नाही असा सरंगा घेतला. तिरफळं घालून माशाची कढी उकळत ठेवली. सहा वर्षांनी घरात तो वास दरवळला आणि तिला अगदी रडू आलं. मास्तर आंघोळीला गेले होते. तेवढ्यात पोस्टमन लवू दारात उभा राहिला.

"वाचनालयाचा पार्सल, वयनी. आणि ह्या पत्र."

सत्यवतीने न्हाणीकडे पाहिलं. पार्सल तांदळाच्या कणगीत खुपसावं, जेवणं होऊ द्यावीत, मग संध्याकाळी 'आत्ताच आलं' म्हणावं, असं तिने ठरवलंसुद्धा. पण पत्र हातात होतं आणि ती चौथी शिकलेली होती. तिने ते फोडलं.

'आपली मागणी नेहमीप्रमाणे मिळाली. आधीची पुस्तके संपत आल्याने त्वरा करावी असे आपण कळवले होते. या खेपेस उशीर झाला, क्षमस्व.'

खाली मागणी करणाऱ्याचं नाव होतं: भिकाजी मास्तर.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग चुलीतला जाळ कमी केला, खुंटीवरची वाचनालयाची किल्ली घेतली आणि पार्सल काखेत मारून बाहेर पडली.

ती परतली तेव्हा मास्तर पाटावर बसून जिभल्या चाटत होते. तिने भात वाढला आणि पानाशेजारी पत्र ठेवलं. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"संपला म्हणजे माका कोण इचारतलो गो?" ते हळूच म्हणाले. "शाळा सुटली, पोरां गेली. निदान लोक 'किती झाले' तरी इचारतत."

सत्यवतीला त्यांची कीव आली. खरंच आली. पण कढीच्या वासाने मास्तर लगेच सावरले. "पण नवस कपाटातल्या पुस्तकांचो. ह्या पार्सल अजून कपाटात खंय गेलां? वाढ तू!"

"गेलां," सत्यवती म्हणाली. "आत्ताच ठेवन इलंय. तुमच्याच वहीत नंबर घातलंय, अठ्ठेचाळीस ते बावन्न. तुमका वाचूक एक घेवन इलंय."

तिने अठ्ठेचाळिसावा पुढारी त्यांच्यासमोर ठेवला. मग स्वतःचं पान मांडलं, सरंग्याची मधली जाड तुकडी त्यावर घेतली आणि नवऱ्यासमोर ऐसपैस मांडी घालून बसली.

"मोठ्यान वाचा. माकाय कळांदे देशाचा. आणि उद्यापासून सकाळी माडांक शिंपूचा, वाचन सांजेक. कोल्हापुराक पत्र धाडूचा आसात तर आधी माका इचारूचा."

मास्तरांनी तुकडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पहिलं पान उघडलं.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.