रूपसिंगचं नाव माझ्यात आहे

हात लावण्याआधी ऐका. मी दोनशे पानांची साधी वही आहे, पण माझ्यापायी एक माणूस आत गेलाय.

शहात्तर साली हिंगोलीच्या अमृतराव मास्तरांनी मला घरी आणलं. पोलंड देशातली एक जुनी, नावाजलेली कादंबरी त्यांनी इंग्रजीतून वाचली होती. तिचं नाटक करून मुंबईच्या टीव्हीला धाडायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. आता टीव्ही मास्तरांनी तरी कुठं पाहिला होता! पण हौसेला मोल नसतं.

रोज संध्याकाळी ते सांगायचे आणि त्यांची बायको पद्माबाई माझ्यात उतरवून घ्यायची. तिकडची नावं काही तिच्या जिभेवर बसेनात. मग मास्तरांनी ओळखीपाळखीचीच नावं घातली. जमीनदाराचं कोठार पेटवणारा शूर गडी झाला रूपसिंग. खरा रूपसिंग तांड्यावरून दूध घालायला यायचा. ऐकून लाजला बिचारा. गावाचं नावही हिंगोलीच ठेवलं. मलाही ते फार आवडलं. कसली मेली अक्कल माझी!

आणीबाणीचे दिवस होते. लोक हॉटेलात चहा पितानाही मागंपुढं बघून बोलायचे. मुंबईला निघालेलं माझं पाकीट वाटेतच कुणीतरी फोडलं. 'नाटक' लिहिलेलं पहिलं पान त्यात फाटून गेलं. उरलं काय, तर हिंगोली, रूपसिंग, रॉकेल आणि कोठार.

मी हिंगोलीच्या ठाण्यात पोचले. आठव्या दिवशी तांड्यावर जीप गेली आणि रूपसिंगला उचलून आणलं. त्याची बायको मोतीबाई मास्तरांच्या दारात येऊन बसली, ती उठेचना.

फौजदारानं मास्तरांना बोलावून मला पुढ्यात टाकलं. मास्तरांनी मला हातही लावला नाही.

"साहेब, हे अक्षर माझं न्हाई."

खोटं नव्हतं ते. पण मला अशी चीड आली म्हणून सांगू! अहो, ही गोष्ट आहे, एवढंच तर म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माबाई एकटीच ठाण्यात आली.

"अक्षर माझं हाय. गोष्ट हाय ती साहेब, खरं काहीच न्हाई. रूपसिंगला सोडा."

फौजदारानं तिला बसायला खुर्ची दिली. कोरा कागद पुढं ओढला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "अजून कुणाकुणाची नावं घातली, बाई?"

तेव्हापासून मी ठाण्याच्या कपाटात आहे. पद्माबाईचा आवाज पुन्हा कानी आला नाही. हे कपाट तुमच्या हाती उघडलं, तर वाचत बसू नका, आधी मला जाळा. माझ्यात अजून सतरा नावं आहेत, आणि आज सकाळी जीप पुन्हा बाहेर पडलीय.