नऊचे बटण आणि माझा मत्सर

कंट्रोल आणि नऊ ही बटणे एकत्र दाबली की शुभदाताईंच्या पडद्यावर रुग्णाच्या नोंदीला ‘तातडीचे’ अशी लाल खूण लागे. शेजारच्या टेबलावर नमिता तीच बटणे दाबे, तेव्हा काहीही होत नसे.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. घणसोली गावातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत मी शुभदाताईंच्या हाताखाली झिजलो. माझ्यावरची निम्मी अक्षरे पुसली गेली. त्यांच्या बोटांना ती लागतही नाहीत. पूर्वी त्या म्हणत, “याच्यासारखा दुसरा नाही.” मग मराठी अहवालांसाठी नमिता आली आणि तिच्याबरोबर निळ्या दिव्यांचा नवा कीबोर्ड आला. त्याला मऊ फडका मिळे, मला फुंकर. मला त्याचा मत्सर वाटे. त्याच्याकडून खूण लागत नाही हे पाहून मला समाधान होई, हेही नमूद करतो.

खूण लावण्याचे काम एक मॅक्रो, म्हणजे ठरावीक बटणे दाबली की आपोआप चालणारी छोटी आज्ञावली, करी. दुसरा मार्ग प्रणाली बनवणाऱ्याने ठेवलाच नव्हता. त्या शनिवारी नमिताचा एक तातडीचा अहवाल मागे राहिला आणि डॉक्टरांचा फोन आला.

“शुभदाला जमतं, तुलाच कसं जमत नाही?” प्रयोगशाळेचे मालक अरविंद सर म्हणाले. “असंच चाललं तर सोमवारपासून दुसरं कोणीतरी बघतो.”

“सर, दाबतेय मी! बघा ना तुम्हीच.”

“त्या दिवाळीच्या माळेला काही कळत नाही,” शुभदाताई म्हणाल्या. “माझा म्हातारा लावून बघ.”

मला नमिताच्या संगणकाला जोडले. माझा क्षण आला होता. तिने बटणे दाबली. खूण लागली नाही.

नवा कीबोर्ड शुभदाताईंच्या संगणकाला जोडला. खूण लगेच लागली. ते मला पाहवले नाही.

“सर, कीबोर्ड बदलला तरी बिघाड इथेच राहिला,” नमिता सावकाश म्हणाली. “म्हणजे चूक कीबोर्डची नाही. माझ्या बोटांचीही नाही.” तिने एका रिकाम्या चौकटीत माझे नऊचे बटण एकटेच दाबले. पडद्यावर ९ उमटला.

“बरोबर आहे की! नऊच आहे,” अरविंद सर म्हणाले.

“मराठी नऊ आहे, सर.”

तिने संगणकाची भाषा इंग्रजी केली आणि पुन्हा कंट्रोल व नऊ दाबले. लाल खूण लागली. “सोमवारी वेळेवर ये गं,” सर एवढेच म्हणाले.

मित्रांनो, कोणाला दोष देण्याआधी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. नव्या कीबोर्डात दोष नव्हता; असता तर मला आवडले असते. नमिता नावे मराठीत लिही, म्हणून तिच्या संगणकाची भाषा मराठी होती. त्यामुळे नऊचे बटण ९ पाठवी, आणि मॅक्रो फक्त 9 ओळखत होता.