मूळ फोटो

“तुमची प्रेरणा काय, सर?” हर्षलाने विचारलं आणि वही सरसावून बसली.

साईनाथला हसू आलं. प्रेरणा हा शब्द त्याने हजारदा टाइप केला होता, पण तो ‘आमचे प्रेरणास्थान’ म्हणून, पुढाऱ्यांच्या फोटोखाली. कर्जतच्या बाजारात बावीस वर्षं तो बॅनर बनवत होता. नेरळची हर्षला कला महाविद्यालयात शिकायची. एका डिझायनरची मुलाखत आणा, असं तिला सांगितलेलं. मोठे डिझायनर भेटत नाहीत, म्हणून ती याच्याकडे आली होती. प्रेरणेचं जाऊ दे म्हणत त्याने कामाची पद्धत सांगितली. आधी मोठा चेहरा, मग मजकूर, खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेतल्या सगळ्यांना एकच पांढरा सदरा चढवायचा आणि तोंडं उजळ करायची, न सांगताच. गोरं केलंत म्हणून भांडायला आजवर कुणी आलं नाही, हे त्याने जरा ऐटीतच सांगितलं.

तेवढ्यात डोक्यावर जुन्या बॅनरची गुंडाळी घेऊन एक म्हातारी दुकानात आली. कळंबच्या गोदूबाई. आठवड्यापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा कान्हा दुचाकीसकट टँकरखाली गेला होता. त्याच्या मोबाइलचाही चुरा झाला. परवा दहावा, आणि नाक्यावर लावायला बॅनर हवा होता. घरात त्याचा मोठेपणीचा फोटो एवढाच, म्हणत त्यांनी गुंडाळी जमिनीवर पसरली. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, पडवीच्या छपरावर घालून उन्हाने विटलेला. खालच्या रांगेतला तिसरा चेहरा कान्हाचा होता. बॅनर साईनाथनेच बनवलेला होता.

त्याने संगणकात ती फाइल शोधली आणि चेहरा मोठा करून दाखवला. गोदूबाई पडद्याजवळ वाकल्या.

“हा माझा कान्हा नाय रं,” त्या म्हणाल्या. “माझा काळा व्हता. काळा कर त्याला.”

कान्हाने पाठवलेला मूळ फोटो आता कुठेच नव्हता. काम झालं की साईनाथ असले फोटो पुसून टाकायचा, जागा अडते म्हणून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो रंग गडद करू लागला. अजून, अजून, असं गोदूबाई सांगत होत्या. शेवटी त्यांनी आपला हात पडद्याला लावला आणि पोरगा याच रंगावर गेला होता म्हणाल्या. साईनाथने हात बघून रंग जुळवला. हर्षलाने वही कधीच मिटली होती.

“भुवईवर खूण व्हती, ती कुठं गेली?”

लहानपणी विळा लागल्याची खूण होती ती. तीही साईनाथनेच पुसली होती. उजवी भुवई की डावी, त्याने हळूच विचारलं. गोदूबाईंनी आपल्याच एका भुवईला बोट लावलं, मग दुसरीला. रोज बघत होते की मी, असं काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, समोर पोर उभं असावं तसं हवेतच त्याचं तोंड पुसलं आणि एका जागी बोट थांबवलं. साईनाथने तिथे चरा काढला.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “तिथंच आसंल.”

छपाई सुरू झाली. हर्षलाचा शेवटचा प्रश्न नवीन मुलांना काय सल्ला द्याल, असा होता. तिने तो विचारला नाही. तिच्या प्रश्नांचा कागद समोर पडला होता, तो वाचून साईनाथच म्हणाला, “लिहून घे. मूळ फोटो कधी पुसू नको.”

नवा बॅनर हातात मिळाल्यावरही गोदूबाई खाली बसून जुना गुंडाळू लागल्या. तो इथेच राहू दे, छपराला मी दुसरा देतो, असं साईनाथने दोनदा सांगितलं.

“नको. ह्या टायमाला तोंड आतल्या अंगाला करून घालीन,” त्या म्हणाल्या. “भिजायला नको त्यानं.”

साईनाथने गुंडाळी उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.