लेडी मेंबरची सही

शनिवारची सकाळ होती. मस्कतच्या हमरिया भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये यशश्री मवालेहच्या बाजारातून आणलेली भाजी निवडत होती. गवारीच्या शेंगा मोडाव्यात, कोथिंबिरीच्या मुळांची माती झटकावी, मधेच उठून आमटी ढवळावी, असं चाललेलं. तेवढ्यात देवेशने ओट्याच्या कडेला एक निळी फाईल आणून ठेवली.

"उद्याच्या मीटिंगचं आहे. दोन सह्या कर."

"हात ओले आहेत."

"मग पुस ना. सही करायला काय आंघोळ करायची आहे?"

यशश्री मस्कतमधल्या एका भारतीय शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर निवडून आलेली सभासद होती. मंडळात एक जागा बाईसाठी राखीव. ती रिकामी राहू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष भिकाजीशेठ देवेशला म्हणाले होते, "वहिनींचं नाव दे. शिकलेल्या आहेत, आणि घरातल्याच आहेत." 'घरातल्याच'चा अर्थ यशश्रीला पुढे कळला. मंडळाचे निर्णय आदल्या दिवशी भिकाजीशेठच्या अझैबातल्या घरी दिवाणखान्यात पुरुषमंडळी करत. देवेश तिथे बसे. दुसऱ्या दिवशी शाळेत यशश्री जाई, खुर्चीवर बसे, समोसा खाई आणि देवेशने सांगितलेल्या जागी मान हलवून येई. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! लग्नाआधी चिपळूणच्या शाळेत तिने सहा वर्षं गणित शिकवलं होतं, हे आता तिचं तिलाही खरं वाटत नसे.

तिने हात पुसले, पहिली सही केली. दुसऱ्या कागदावर कोथिंबिरीचं पाणी सांडलं होतं. ते पदराने टिपताना तिची नजर नावावर गेली. मुग्धा भिकाजी सावंत, नववी.

भिकाजीशेठची ही मुलगी दर बुधवारी तिच्याकडे गणिताला यायची. परवाच दहावीचं पुस्तक आधीच पैदा करून आली होती, आणि "आंटी, ट्रिगोनोमेट्री मला आत्ताच शिकवा ना" म्हणून मागे लागली होती.

यशश्रीने पहिल्यांदाच तो फॉर्म नीट वाचला. कोण्या जुन्या मंडळाने केलेला तो नियम होता. मुलगी मधेच शाळा सोडत असेल, तर बाई सभासदाने तिला एकटीला भेटायचं आणि मग लिहून द्यायचं: 'मी या विद्यार्थिनीशी एकांतात बोलले आहे. ती स्वखुशीने शाळा सोडत आहे.' खाली सहीची रेघ.

अशा अकरा फॉर्मवर तिने सह्या केल्या होत्या. या ओट्यावरच. एकाही मुलीला ती भेटली नव्हती.

"मुग्धा शाळा सोडते आहे?" तिने विचारलं.

"वैशाखात लग्न आहे तिचं. लांज्याची पार्टी आहे, मुलाचा पेट्रोलपंप आहे. त्याच्या आजीला डोळे मिटायच्या आधी नातसून बघायची आहे."

"अहो, पंधरा वर्षांची आहे ती!"

"म्हातारीला कोण सांगणार थांब म्हणून? आणि आपलं काय जातंय त्यात?"

"जानेवारीत झेंडावंदनाला शेठ मुलींच्या शिक्षणावर अर्धा तास बोलले. मीच टाळ्या वाजवल्या."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण काही भिकाजीशेठसाठी कोणी मुद्दाम केली नव्हती. पण त्यांना ती मापाने शिवल्यासारखी बसे. अध्यक्षाने स्वतःची मुलगी शाळेतून काढली, हे लोकांत दिसायला नको होतं. ती आपल्या खुशीने गेली, असा कागद हवा होता, आणि त्यावर बाईची सही.

देवेशने आवाज खाली आणला. "यशू, माझ्या व्हिसाचा कागद एप्रिलमध्ये अर्बाबकडे, मालकाच्या सहीला जातो. कोणाच्या हातून जातो ते तुला ठाऊक आहे. शेठने एक शब्द टाकला की खलास. मग गावी जाऊन काय करू मी? आपल्या पोराची शाळा कुठे करू?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. आखाती देशात नवऱ्याची नोकरी गेली की बायकोमुलांच्या पायाखालची फरशीही जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यशश्रीने फाईल मिटली.

"उद्या मीटिंगमध्येच करते सही," ती म्हणाली. देवेशला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा भरते. रविवारी ती मीटिंगच्या तासभर आधी शाळेत पोहोचली आणि मुग्धाला लायब्ररीत पाठवा, असं तिने ऑफिसात सांगितलं. मुग्धा आली. समोर बसली. बुधवारची बडबडी मुलगी आज डोळे वर करेना.

"मुग्धा, तुला शाळा सोडायची आहे का?"

"आय डोन्ट नो व्हाय यू आर आस्किंग, आंटी. पप्पा म्हणाले, तुम्ही सही करणार. ऑलरेडी डिसाइडेड आहे."

"मी तुला विचारते आहे."

मुलीने टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ केलं. "झरीनला पण नाही विचारलं ना? लास्ट इयर. तिला क्लर्क सर बोलले होते, लेडी मेंबर येईल, लायब्ररीत थांब. ती इकडेच बसली होती. होल पिरियड. मी तिला पाणी आणून दिलं. यू नेव्हर केम."

झरीन म्हणजे मंडळावरचे सभासद महमूदभाई यांची मुलगी. तिच्याही फॉर्मवर यशश्रीने ओट्यावरच सही केली होती. त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या, म्हणून तो तिला आठवतही होता. ती तव्यावरची पोळी उलटत होती, आणि इथे एक पोर दाराकडे बघत बसली होती. यशश्रीला लाज वाटली.

"आता आले आहे," ती म्हणाली. "उशिरा आले. सांग."

मुग्धाला रडू फुटलं. "मला नाही जायचं, आंटी. मला टेन्थ करायचं आहे. प्लीज पप्पांना नका सांगू मी रडले म्हणून."

मीटिंग चार वाजता सुरू झाली. पाण्याच्या टाकीवर दहा मिनिटं, बसच्या ड्रायव्हरवर पंधरा मिनिटं चर्चा झाली. मग भिकाजीशेठने फाईल यशश्रीपुढे सरकवली. "वहिनी, तेवढी एक सही राहिली आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

यशश्रीने पेन उघडलं. छापील वाक्यातल्या 'स्वखुशीने' या शब्दावर तिने आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मी मुग्धाशी आज बोलले. तिला शाळा सोडायची नाही. तिला दहावी करायची आहे.' मग सही केली, तारीख घातली आणि उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं.  वाचून झाल्यावरही टेबलाला धरून ती उभीच राहिली.

भिकाजीशेठचा चेहरा उतरला. ते तिच्याशी बोललेच नाहीत. शिपायाला म्हणाले, "खाली गाडीत देवेश बसला असेल. त्याला वर बोलव."

देवेश आला. सगळं ऐकलं. कपाळावरचा घाम पुसत त्याने बायकोकडे पाहिलं. "यशू, चुकून लिहिलंस म्हण. दुसरा फॉर्म आहे."

"चुका अकरा केल्या. त्या वेळी मला कोणी दुसरा फॉर्म दिला नाही," यशश्री म्हणाली. "मतपत्रिकेवर नाव माझं होतं, अहो. तुम्ही खाली गाडीत बसा."

देवेश दारापाशीच उभा राहिला. भिकाजीशेठ उसळले, "माझ्या मुलीचा बाप मी आहे! घरच्या गोष्टीत मंडळाचा संबंध काय?"

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले महमूदभाई बोलले. मीटिंगमध्ये ते सहसा तोंड उघडत नसत. "शेठ, घरची गोष्ट होती तर कागद इथे कशाला आणला?" थोडं थांबून ते म्हणाले, "वहिनींनी लिहिलंय ते मिनिट्समध्ये घ्या. माझ्या वेळी कोणी असं लिहिलं असतं, तर मी दोन दिवस रागावलो असतो. नंतर..." त्यांनी स्वतःच मिनिट्सची वही पुढे ओढली.

कागद मिनिट्समध्ये गेला. आठवड्याभरात तो शाळेतल्या प्रत्येक आईबापाच्या तोंडी झाला. मंडळाची निवडणूक जवळ आली होती, आणि भिकाजीशेठला त्यांची मतं हवी होती. लांज्याच्या आजीला कळवण्यात आलं की मुलगी लहान आहे, थांबावं लागेल. एप्रिलमध्ये मुग्धा दहावीच्या वर्गात बसली.

पण म्हणून यशश्रीच्या घरात दिवाळी झाली नाही. देवेशच्या व्हिसाचा कागद भिकाजीशेठच्या टेबलावर तसाच पडून होता. देवेश रोज जेवायला बसे, ताटाकडे बघून जेवे, उठून जाई. बिल्डिंगमधल्या दोन बायका जिन्यात तिला बघून बोलणं थांबवत. काय होणार, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती ती लपवतही नव्हती.

फक्त एक काम राहून गेलं होतं. तिने क्लर्ककडून जुन्या अकरा फॉर्मच्या प्रती मागून घेतल्या. पहिला फोन नंबर तर महमूदभाईंनी स्वतःच चिठ्ठीवर लिहून दिला होता.

एका दुपारी ओटा कोरडा करून तिने त्यावर ते कागद मांडले आणि फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तान्हं मूल रडत होतं. कोणी मोठी बाई दुरून काहीतरी ओरडत होती.

"हॅलो, कोण?"

"झरीन, मी यशश्री आंटी. मस्कतहून. शाळेची लेडी मेंबर."

पलीकडून पुन्हा त्या बाईचं ओरडणं ऐकू आलं.

"तुझ्याशी बोलले, असं मी तुझ्या फॉर्मवर सही करून दिलं होतं. मी बोलले नव्हते. तू लायब्ररीत थांबली होतीस. आज विचारते, बाळा. तुला शाळा सोडायची होती का?"

मूल रडायचं थांबलं. बहुतेक तिने त्याला उचलून घेतलं असावं. मग अगदी खालच्या आवाजात झरीन म्हणाली, "आंटी, फोन ठेवू नका. मी दरवाजा लावून येते."

यशश्री फोन कानाला लावून थांबली. समोर आणखी दहा कागद होते.