कनवटी सुटायची जागा

कुवेतची लढाई थांबली. खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेल्या पट्ट्या अजून निघाल्या नव्हत्या, तोच सौदीतल्या दम्माममध्ये कादिर परकारच्या घरात दुसरी आघाडी उघडली. कारण होतं एक मशीन.

जानेवारीत बॉम्बच्या धास्तीने एक गोरा सर्वेअर सामान विकून मायदेशी पळाला. बिल्डिंगमध्ये कुणी त्याचा फ्रिज घेतला, कुणी पडदे घेतले. कादिरने जमिनीतला धातू हुडकणारं मशीन घेतलं. एका टोकाला थाळी, मधे दांडा आणि दुसऱ्या टोकाला, हेडफोन लावलेला, कादिर.

"घरात गॅसमास्क ठेवायला जागा नाही," त्याची बायको शरफुन्निसा म्हणाली, "आणि तुम्ही झाडू आणलात."

"झाडू नाही गो. याने जुनी नाणी सापडतात."

"कुणाला?"

या प्रश्नाचं उत्तर पुढचे दोन महिने मिळालं नाही. जुनी विहीर झाली, पडका बुरूज झाला, मोडलेला बाजार झाला. मिळाली ती पेप्सीची बुचं, सार्डिनचे डबे आणि शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली. ती शेजाऱ्याने हरवलेलीच नव्हती, पायपुसण्याखाली ठेवली होती.

शेवटी शरफुन्निसाने अट घातली. रमजान लागायच्या आत एक जुनं नाणं घरात आलं पाहिजे, नाहीतर मशीन बाहेर. नुसती धमकी नव्हती ती. मशीनच्या कोपऱ्यात डीप फ्रीझर बसतो, हे तिने वितीने मोजून ठेवलं होतं.

अक्कल आली ती आंघोळीनंतर. कादिर लुंगी नेसत होता, कनवटीला खोचलेली मोड सुटली आणि फरशीवर खणखणत चौफेर पळाली. कादिर अर्ध्या लुंगीत तसाच उभा राहिला. त्याचे आजोबा ताजुद्दीन खलाशी दाभोळहून गलबतातून कौलं घेऊन इकडच्या किनाऱ्याला यायचे. तेव्हा इकडे आपला रुपयाही चालायचा, आणि आजोबांची बँक म्हणजे कनवटी. माणूस बुरुजावर उभा राहून नाणी कशाला पाडेल? कनवटी सोडतो तिथे त्याची नाणी पडतात. आणि गलबतावरून उतरलेला खलाशी ती सर्वांत आधी कशासाठी सोडतो, हे सांगायला पुराणवस्तू खात्याची गरज नाही.

म्हणजे जागा कशी हवी? गलबतांच्या धक्क्यापासून जवळ, पण नजरेआड. वाऱ्याला आडोसा आणि पाणी हाताशी.

रमजानच्या आधीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. दम्मामच्या उत्तरेला एका जुन्या खाडीवर पूर्वी गलबतं लागायची. कादिरने मशीन डिकीत टाकलं आणि "जरा फिरून येऊ" म्हणाला. शरफुन्निसाने लगेच डबे भरले. खालच्या मजल्यावरचा बँकेतला जगदीश, त्याची बायको मीनाक्षी आणि मुलगी आर्या हेही दोन महिने घरात कोंडलेले. त्यांनी आपली गाडी मागे लावली.

खाडीवर पोचल्यावर मीनाक्षी गाडीतून उतरेना.

"समुद्रात सुरुंग सोडलेत म्हणे. वाहत वाळूत येऊन पडतात."

"अगं, इतकी माणसं हिंडतायत."

"त्यांचा पाय सुरुंगावर अजून पडायचाय, म्हणून हिंडतायत."

तेवढ्यात कादिरने डिकी उघडून मशीन बाहेर काढलं. मीनाक्षीचा चेहरा खुलला.

"भाई, हे आणलंत होय? मग आधी सांगायचं नाही का."

"वहिनी, हे नाण्यांसाठी..."

"असू दे, असू दे. आम्हाला घाबरवायचं नाही म्हणून बोलताय. कळतं हो मला."

कादिर निघाला. त्याच्या पावलावर पाऊल टाकत जगदीश, जगदीशच्या पावलावर मीनाक्षी, मग "धिस इज सो एम्बॅरसिंग" म्हणणारी आर्या, आणि सगळ्यात मागे डबे सांभाळत हसणारी शरफुन्निसा. किनाऱ्यावरच्या मंडळींनी हे पाहिलं. एक हैदराबादी कुटुंब मागे लागलं, मग फिलिपिनो पोरांचा घोळका, मग सतरंजी खांद्यावर टाकलेला एक वयस्क सौदी. कादिर डावीकडे वळला की रांग डावीकडे वळे. बूच उचलायला तो वाकला, तर सगळी रांग कान झाकून खाली बसली.

वाळूच्या एका उंचवट्यामागे कादिर थांबला. धक्का जवळ, पण दिसत नव्हता. वारा बंद, पाणी चार पावलांवर. ताजुद्दीन खलाशांनी हीच जागा निवडली असती, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

"इथेच बसू," मीनाक्षी म्हणाली. "काय सुरेख आडोसा आहे. आणि भाईंनी तपासलीय."

चटया पडल्या. थालीपिठं, बिर्याणी, कहवा, सगळं बाहेर आलं. "इथे बसलं की कसं मोकळं वाटतं, नाही?" मीनाक्षी म्हणाली. कादिरने कहव्याच्या कपात पाहिलं.

घास गिळून त्याने मशीन पुन्हा फिरवलं आणि हेडफोनमध्ये घंटा वाजली. बुचासारखी फुटकी नाही, गोल आणि गोड. थाळी मीनाक्षीच्या चटईच्या कडेला होती.

"शरफू," तो कुजबुजला. "सापडलं बहुतेक."

"मग काढा."

"वहिनी बसल्यात त्याच्यावर."

"मग उठवा."

"काय सांगून? 'जरा उठा, खाली काहीतरी आहे' म्हटलं, तर हा किनारा पार दम्मामपर्यंत रिकामा होईल."

"मग खरं सांगा."

कादिरने खरं काय ते तिच्या कानात सांगितलं. शरफुन्निसाने हातातला कबाब डब्यात परत ठेवला, डबा बंद केला आणि ओढणी तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठली.

"चला सगळे, पाण्याजवळ फोटो काढू."

कुणी हललं नाही. सगळे मशीनकडे बघत राहिले.

"भाई पुढे चालले तर येतो," जगदीश म्हणाला.

शरफुन्निसाने नवऱ्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून ओढणीवरून आपल्या कानांना लावला, मशीन उचललं आणि निघाली. मागे अख्खी वरात. चटईवर एकटा उरलेला कादिर मग चटई सारून थालीपिठाच्या उलथण्याने वाळू उपसू लागला. उलथणं टणकन वाजलं. हातात आला तो काळवंडलेला चांदीचा रुपया, वर अंधुक मुकुट घातलेला राजा. कादिरने तो पाण्यात बुचकळला आणि ओल्या वाळूत एकटाच गिरकी मारून घेतली.

वरात बऱ्याच वेळाने परतली. शरफुन्निसाचे गाल लाल झाले होते. तिच्या मुठीत तीन बुचं आणि पिनेचा तुकडा होता, आणि ती ते कुणाला हात लावू देत नव्हती.

"हे घे," कादिर ऐटीत म्हणाला. "आजोबांच्या वेळचा रुपया."

तिने तो ओढणीच्या टोकाने धरला.

"धुतलात?"

"समुद्रात."

"घरी गेल्यावर साबणाने धुवा. दोनदा."

"म्हणजे मशीन राहिलं ना?"

"राहिलं. फ्रीझर दुसरीकडे बसवू."

कादिरने हेडफोनसाठी हात पुढे केला. शरफुन्निसाने तो कानांवर आणखी घट्ट बसवला.

"थांबा हो जरा. पुरुषांची जागा सापडली, बायकांची राहिलीय," ती म्हणाली आणि पलीकडच्या, जास्त उंच आणि जास्त आडोशाच्या टेकाडाकडे वळली. "तिथे पडलेलं बायकांचं कानातलं काय नुसतं रुपयाच्या मोलाचं असेल?"

मागे रांग पुन्हा उभी राहिली. सगळ्यात शेवटी, हातात उलथणं घेऊन, कादिर.