कुसुमचं नाव कुणी काढलं?

फुकट मिळालं म्हणजे ते बेवारस, असं आपण किती सहज धरून चालतो!

निर्मला आणि तिचा नवरा विनायक बुऱ्हाणपुरात केळीचे भाव सांगणारं मोबाइल ॲप विकत. त्यातला मराठीत भाव वाचून दाखवणारा भाग मात्र जवळच्या दापोरा गावच्या कुसुमने लिहिलेला. तिने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. वापरा, विका, पण करणाऱ्याचं नाव ठेवा आणि सुधाराल ते खुलं ठेवा, एवढंच तिचं म्हणणं.

“अहो, अटी आहेत यात,” निर्मला म्हणाली होती.

“छोड ना! फुकटातल्याला कसली अट? गिऱ्हाइकाला आपलंच नाव दिसू दे.”

कडेवर बाळ किरकिरत होतं. निर्मलेने नाव काढून टाकलं, सुधारलेला भागही कुणाला घेता येऊ नये असा कुलूपबंद केला.

एका दुपारी कुसुमची आई, धुरपदाबाई, त्यांच्या दुकानात आली. सोबत कुसुमचे शिक्षक, दत्तात्रय सर. कुसुम गेल्या साली तापाने गेली होती. धुरपदाबाईला अक्षर येत नव्हतं. पण लेकीचा भाग वापरणाऱ्या जुन्या ॲपमध्ये ‘माहिती’ उघडली की सगळ्यात खालची ओळ लेकीच्या नावाची, हे ती ओळखून होती. दारात येईल त्याला तिथं बोट ठेवून दाखवायची. मग भाच्याने तिच्या फोनमध्ये विनायकचं हे नवं ॲप टाकलं.

“माय, माझी पोर यातच व्हती. कुठी गेली वं? गाव हसते मले. म्हणते, धुरपदे, तुझ्या पोरीनं काही बनवलंच नवतं!”

“आजी, ते फुकट होतं,” विनायक पुटपुटला.

“फुकट होतं, बेवारस नव्हतं!” सर कडाडले. “आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारी विहिरींचं पाणी सगळ्यांचं, म्हणून तू कुंडीला कुलूप घालशील? तिची परवानगी अटींवर होती. अट मोडलीस, परवानगी संपली. अरे, पोरीनं मजुरी म्हणून फक्त नाव मागितलं होतं रे!”

निर्मलेने बाळाला घट्ट धरलं. तिला म्हातारीकडे बघवेना.

“आजच नाव लावतो,” विनायक म्हणाला.

“लाव. पण मी खोटी पडली, ते लोकायले कोण सांगीन?”

“मी सांगते, आजी!”

कुलूप निघालं, नाव परत आलं. निर्मला दापोऱ्याच्या पारावर उभी राहिली. “हे कुसुमचं काम. नाव मी काढलं होतं.” हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

धुरपदाबाईने फोनकडे पाहिलंच नाही. “गाव आता मानते वं,” ती रडत म्हणाली, “पण ती नाही ना ऐकाले!”

मंडळी, खुलं ठेवणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकून जातो. वापरण्याआधी त्याच्या अटी वाचा, आणि पाळा. नाव परत लावता येतं. त्या आईचे हसण्यात गेलेले दिवस कुणाला परत देता येतील?